कांद्याच्या मुलखात कांद्याविना चार आठवडे

खंडाळा म्हटलं की लोकांना बोरघाट आठवतो. हा मजकूर दुसऱ्या खंडाळ्यासाठी आहे: सातारा जिल्ह्यातल्या, खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या. या तालुक्यात लोणंदला कांद्याची मोठी बाजारपेठ आहे, शिरवळला कारखाने आहेत आणि घरोघरी वर्षाचा कांदा-लसूण मसाला बरणीत भरलेला असतो. एंडोमेट्रिओसिसचा त्रास आहारातून कमी करायचा म्हटलं की या तिन्हींशी गाठ पडतेच. त्यामुळे परदेशी पुस्तकातला तक्ता इथं जसाच्या तसा कामाला येत नाही. खाली दिलेली कृती इथल्या चुलीवर होईल अशी बेतली आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात: बीजकोषावर, आतड्यावर, ओटीपोटाच्या पडद्यावर. तिथं सूज येते, चट्टे पडतात, कधी अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत जीव नकोसा करणारी कळ येते, संबंधावेळी दुखतं, शौचाला त्रास होतो, काहींना दिवस राहायला अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना हा आजार आहे. तरी निदानाला वर्षानुवर्षं लागतात, कारण ‘पाळीत दुखायचंच, लग्न झालं की थांबेल’ हे प्रत्येकीने ऐकलेलं असतं.

आपल्याकडे दुसरा एक सल्ला सर्रास मिळतो: पिशवी काढून टाका. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या कशा सरसकट काढल्या गेल्या, हे बीड जिल्ह्यातून २०१९ साली सगळ्या राज्याने पाहिलं. हा आजार मुळात पिशवीच्या बाहेरचा आहे. पिशवी गेली आणि बाहेरच्या गाठी राहिल्या, तर दुखणं राहू शकतं. तेव्हा कुणी घाईने ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या.

आता आहाराने काय होतं आणि काय होत नाही, ते स्पष्ट असू द्या. आहाराने गाठी विरघळत नाहीत, बीजकोषातली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) जात नाही, चालू असलेली हार्मोनची गोळी बंद करता येत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही कुठल्याच एका आहाराची शिफारस नाही, कारण पुरावा थोडा आहे. पण हा आजार असलेल्या बायकांपैकी पुष्कळजणींना पाळीच्या दुखण्याच्या जोडीला पोटाचा वेगळा त्रास असतो: पोट डब्ब होणं, गुबारा धरणं, कधी जुलाब तर कधी चार-चार दिवस शौचाला न होणं. त्या भागावर आहाराचा हात चांगला चालतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने ३५ बायकांवर केलेली चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येकीला २८ दिवस एक आहार आणि २८ दिवस दुसरा, सगळं जेवण तयार करून दिलं. कमी ‘फॉडमॅप’च्या आहारावर ६० टक्के बायकांच्या पोटाच्या तक्रारी कमी झाल्या, साध्या आरोग्यदायी आहारावर २६ टक्क्यांच्या. चाचणी लहान आहे, पण नीट बेतलेली आहे. निव्वळ ऐकीव ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’पेक्षा कितीतरी बरी.

फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही शर्करा. त्या मोठ्या आतड्यात पोचतात, पाणी ओढतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. निरोगी आतडं हे सहन करतं. ओटीपोटात आधीच सूज असेल, नसा हुळहुळ्या झालेल्या असतील, तर तेवढ्याच वायूने कळा येतात. या शर्करा सर्वात जास्त कशात? कांदा, लसूण, गहू, तूर-हरभरा, दूध. म्हणजे आपलं ताटच.

पहिली पायरी: वही

काहीही बंद करण्याआधी एक पूर्ण पाळीचक्र फक्त लिहा. शाळेची साधी वही पुरे. रोज रात्री पाच गोष्टी: पाळीचा कितवा दिवस; दुखणं ० ते १० पैकी किती; पोट फुगलं का आणि केव्हा; शौचाला कसं झालं; दिवसभरात काय खाल्लं. कामाची पाळी रात्रीची होती का तेही लिहा. शिरवळच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बाईचं पोट झोपेनेही बिघडतं, आणि त्याचा दोष उगाच वांग्याच्या भाजीवर जातो.

ही पायरी गाळू नका. पाळीच्या आधीचे चार दिवस पोट एरवीही फुगतं. ते माहीत नसेल तर पुढे कशाने काय झालं याचा हिशेब लागत नाही.

याच महिन्यात रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असण्याची शक्यता बरीच. ते तसंच ठेवून खाणं कमी करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

दुसरी पायरी: आधी भर, मग वजाबाकी

जेवणावर चहा नको. चहातल्या घटकांमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. भाजीवर लिंबू पिळा, पेरू खा, लोखंडी कढई वापरात आणा. लोहाची गोळी चालू असेल तर ती लिंबूपाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको.

खारी, टोस्ट, फरसाण आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी कमी करा. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात ट्रान्स फॅट सर्वात जास्त खाणाऱ्या बायकांमध्ये हा आजार ४८ टक्के जास्त, तर मासळीत असतात तसले लांब साखळीचे ओमेगा-३ सर्वात जास्त खाणाऱ्यांत २२ टक्के कमी आढळला. हे आजार होण्याच्या शक्यतेचे आकडे आहेत, झालेला त्रास कमी होण्याचे नव्हेत. तरी दिशा कळते. आपल्याकडे २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण गाड्यावरच्या कढईत काय चाललंय ते कोण मोजतंय?

मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. खात नसाल तर जवसाची चटणी. जवसातलं ओमेगा-३ शरीरात मासळीतल्या रूपात फार थोडं बदलतं, त्यामुळे ती मासळीची पुरती बरोबरी करत नाही. पण ती सोपी आहे, स्वस्त आहे आणि शौचालाही मदत करते. इथली जवसाची चटणी लसणाशिवाय होत नाही, म्हणून ही वेगळी कृती: एक वाटी जवस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे. पाच-सहा सुक्या मिरच्या आणि चमचाभर जिरं वेगळं भाजायचं. गार झाल्यावर मीठ आणि आमसुलाचे दोन तुकडे घालून जाडसर वाटायचं. गरम असतानाच वाटलं तर तेल सुटून गोळा होतो. एका वेळी आठवडाभराचीच करा, कारण वाटलेलं जवस लवकर खवट होतं. रोज दोन लहान चमचे भाकरीबरोबर, वर भरपूर पाणी.

तिसरी पायरी: मसाल्याचा दुसरा डबा

खरी अडचण इथे आहे. भाजीतला चिरलेला कांदा वगळणं एक वेळ सोपं, पण उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेल्या मसाल्यातच कांदा आणि लसूण आहेत, आणि तो मसाला आमटीपासून मटणाच्या रश्श्यापर्यंत सगळ्यात पडतो. म्हणून कमी फॉडमॅपचे चार आठवडे (चौथी पायरी) सुरू करण्याआधी लहानसा दुसरा डबा भरून ठेवा. पाव किलो मिरचीला (निम्मी ब्याडगी, निम्मी तिखट) दोन वाट्या धणे, अर्धी वाटी जिरं, अर्धी वाटी तीळ, एक वाटी किसलेलं सुकं खोबरं, दोन-तीन बोटं दालचिनी, आठ-दहा लवंगा, चार-पाच दगडफुलं, चमचाभर हळद आणि सुपारीएवढा हिंगाचा खडा. सगळं वेगवेगळं भाजून कुटा. खोबरं शेवटी.

कांद्या-लसणाची चव हवीच असेल तर एक वाट आहे. त्रास देणारी शर्करा पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. वाटीभर शेंगतेलात एका कांद्याच्या मोठ्या फोडी आणि आठ-दहा अख्ख्या लसूणपाकळ्या घालून मंद आचेवर ठेवा. पाकळ्यांना बदामी रंग आला की झाऱ्याने सगळं काढून घ्या. एकही तुकडा राहू देऊ नका. काढलेल्या फोडी घरातल्या इतरांच्या भाजीत चालतात. हे गाळलेलं तेल फोडणीला वापरा. नाकाला आणि जिभेला कांदा कळतो, आतड्याला कळत नाही. पण लसणाचं तेल बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा, नाहीतर विषबाधेचा धोका असतो. आणि आमटीत अख्खा कांदा शिजवून मग काढून टाकण्याची युक्ती करू नका. पाण्यात शर्करा उतरलेली असते.

पातीच्या कांद्याचा हिरवा भाग मात्र बिनधास्त वापरा. पांढरा भाग घरच्यांना द्या.

चौथी पायरी: चार आठवडे

सुरुवात पाळी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी करा. म्हणजे पुढची पाळी या चार आठवड्यांतच येते आणि मागच्या पाळीशी तुलना करता येते.

घरात कुणाला काय सांगायचं, हा प्रश्न मोठा आहे. एकत्र कुटुंबातल्या सुनेने ‘मी कांदा खाणार नाही, मला पाळीचा त्रास आहे’ असं चारचौघांत म्हणणं सोपं नसतं. त्यावर आपल्या पंचांगातच उपाय आहे. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी नि थालीपीठं खाऊन बरीच घरं चातुर्मासापुरता कांदा-लसूण सोडतात. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येऊन पुढे गेली, की हा मोसम आलाच. पाळीच्या तारखा जुळत असतील तर चातुर्मासात सुरुवात करा; कुणी कारण विचारत नाही आणि सासूबाईंना बिनकांद्याच्या दहा भाज्या तोंडपाठ असतात. फक्त दोन गोष्टी पाळा. चार महिने ओढू नका, चार आठवडेच. आणि त्याच्या जोडीला कडक उपास नकोत. रक्त कमी असलेल्या बाईने दिवसभर चहावर काढणं हा आहार होत नाही.

आता ताट. ज्वारीची भाकरी आणि भात हे मुख्य. बाजरीही बहुतेकींना चालते. पोट काय म्हणतं ते वहीत बघा. चपाती, रवा, पाव, बिस्किटं बंद. खपली गहू पचायला हलका म्हणून कुणी देईल. तोही गहूच आहे. तुरीऐवजी मूगडाळ: तासभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात शिजवलेली, एका वेळी पाव-अर्धी वाटी. हरभरा, चवळी, राजमा बंद, म्हणजे डब्यातली उसळही गेली. त्या जागी अंडी, पनीरचे दोन-तीन तुकडे, मूठभर शेंगदाणे, खात असाल तर चिकन आणि मासे. मटण अधूनमधून. प्रथिनं कमी पडू देऊ नका. नुसत्या भात-भाकरीवर राहून ‘पथ्य पाळलं’ म्हणणाऱ्या बायका चार आठवड्यांत गळून जातात.

भाज्यांत भेंडी, वांगं, गाजर, काकडी, पालक, बटाटा, टोमॅटो. फ्लॉवर आणि मटार नको. फळांत पपई, संत्रं, अननस, पिकलेला पेरू, मोसमात पाचगणी-महाबळेश्वरकडची पाच-सहा स्ट्रॉबेरी. आंबा, सफरचंद, कलिंगड, सीताफळ थांबवा. केळं खायचं तर जरा कच्चट. चहातलं पळीभर दूध बहुतेकींना चालतं. पेलाभर दूध, बासुंदी, खीर नको. दूध हवंच असेल तर लॅक्टोजविरहित दूध मिळतं.

न्याहारीला बटाटेपोहे, कांदा न घालता. दुपारच्या डब्यात दोन ज्वारीच्या भाकऱ्या, भेंडीची किंवा वांग्याची भाजी, जवसाची चटणी, उकडलेलं अंडं. कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवत असाल तर तिथली आमटी आणि उसळ टाळा. भात घ्या, कालवण घरून न्या. रात्री मुगाचं वरण, भात, पालकाची भाजी, वर गाळलेल्या तेलाची फोडणी. घरच्यांसाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. भाजी आधी तेल-हिंग-जिऱ्यावर शिजवा, आपला वाटा काढा, मग उरलेल्या भाजीत कांदा-लसूण मसाला घालून एक उकळी द्या.

पाळीच्या दिवसांत एकदम भरपूर जेवू नका, थोडं थोडं चार-पाच वेळा खा. दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी नको. आधी दोन घास भात तरी पोटात जाऊ द्या. शौचाला खडा होत असेल तर झोपताना चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यातून. पोटाला शेक घेतला तर आराम पडतो. हळद-दुधाच्या आणि काढ्यांच्या शिफारशी याच दिवसांत जास्त येतात. भाजीत पडते तेवढी हळद चांगली, हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

चार आठवड्यांनी वहीत काहीच फरक दिसला नाही तर हा आहार तुमच्यासाठी नाही. सोडून द्या, पूर्वीचं खा. निम्म्या-पाऊण बायकांना उपयोग होतो याचा अर्थ बाकीच्यांना होत नाही.

पाचवी पायरी: एकेक परत आणा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. बरं वाटतंय, मग कशाला छेडायचं, असं वाटतं. पण या शर्करांवर पोटातले उपयोगी जिवाणूही जगतात, आणि गहू, डाळी, दूध कायमचे बंद ठेवले तर कॅल्शियम, लोह, प्रथिनं सगळंच घटतं. या आजारावर दिल्या जाणाऱ्या काही इंजेक्शनांनी हाडं विरळ होतात. अशा बाईने महिनोन्‌महिने दूध सोडणं तर घातकच. नाचणी आणि तीळ असतील तेवढं बरं.

पाळी संपल्यावर सुरू करा आणि पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी थांबा. मधल्या दिवसांतच खरं काय ते कळतं. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, रोज थोडा वाढवत. नंतर तीन दिवस विश्रांती. आधी दूध: पाव पेला, अर्धा, एक. मग चपाती: अर्धी, एक, दोन. मग तुरीचं वरण. मग लसूण: पाव पाकळी, अर्धी, एक. कांदा शेवटी, कारण त्याचीच भीती जास्त असते आणि तोवर वही वाचायची सवय झालेली असते: पहिल्या दिवशी शिजलेला चमचाभर, दुसऱ्या दिवशी पाव कांदा, तिसऱ्या दिवशी अर्धा. दुसऱ्याच दिवशी पोट फुगलं तर थांबा. तुमची हद्द चमचाभर. एका चक्रात सगळं होत नाही, दोन-तीन लागतात.

बहुतेकींना सगळंच बाधत नाही. एखादीला फक्त कांदा आणि हरभरा नडतो, गहू मजेत चालतो. तिने गहू का सोडावा? ग्लुटेन बंद करून आराम पडल्याचा २०१२ सालचा एक इटालियन अभ्यास फार फिरवला जातो: २०७ बायका, ७५ टक्क्यांना फरक. त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता. शिवाय गव्हात ग्लुटेनच्या जोडीला या शर्कराही असतात. आराम नेमका कशाने पडला ते त्यातून ठरत नाही.

कुणी हे करू नये

वजन आधीच कमी असेल, मधुमेहाची औषधं चालू असतील, दिवस गेलेले असतील किंवा अन्नाशी आधीपासून भांडण असेल, तर आहारतज्ज्ञाशिवाय तिसऱ्या पायरीपुढे जाऊ नका. शाळकरी मुलींना तर मुळीच नको. त्यांच्यासाठी पहिल्या दोन पायऱ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. शौचातून रक्त, ताप, आपोआप घटणारं वजन, चक्कर येण्याइतका रक्तस्राव, किंवा पाळी चुकलेली असताना अचानक ओटीपोटात जोराची कळ, यांतलं काहीही झालं तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. खंडाळा-शिरवळला सोय नसेल तर साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय.

तपासणीला जाताना अख्खी वही डॉक्टरांपुढे ठेवू नका, ती वाचायला त्यांना वेळ नसतो. एका कागदावर चार ओळी लिहून न्या: आहाराआधीच्या पाळीत सर्वात जास्त दुखलं ते किती, चार आठवड्यांतल्या पाळीत किती, दुखण्याच्या गोळ्या आधी किती लागायच्या आणि आता किती, आणि कुठला पदार्थ किती प्रमाणात बाधतो. पोट सुधारलं पण पाळीतली कळ तशीच आहे, असं या कागदावर दिसलं, तर औषध बदलायचं की दुर्बिणीतून तपासायचं, हे पुढचं बोलणं तिथूनच सुरू करा.